पितराच्या पाटावर

अमळनेर
५ जानेवारी २०२५

ती. सुषमामामींना कुंदनचा नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्ही हल्ली कोणाचाच फोन घेत नाही असं मम्मी म्हणते. ती रागाने म्हणत नाही. "वहिनी आधीच कमी बोलायची, भाऊ गेल्यापासून तेवढंही राहिलं नाही," एवढंच म्हणते. म्हणून हे पत्र. सप्टेंबरमध्ये ललितमामांच्या दिवसांना, गंधमुक्तीला आलो होतो. तुमच्यासमोर बराच वेळ बसलो, पण हे विचारायची ती वेळ नव्हती.

लिहायचं कारण असं की मला नट व्हायचं आहे. मामांनी सांगितलं होतं, बी.ए. पूर्ण कर, मग सुरतला ये, मी तुला नाटकवाल्यांकडे घेऊन जातो. बी.ए. झालं आणि मामा नाहीत. इथे सगळे म्हणतात, नट व्हायचं तर मुंबईला जा. मुंबईत माझं कोणी नाही. आणि मामांनी तर सुरतेतच, दिवसा उधन्याच्या डाईंग मिलमध्ये नोकरी करून, वीस वर्षं गुजराती नाटकांत कामं केली. तेही अहिराणी बोलणाऱ्या घरातून जाऊन. मला ते अजून खरं वाटत नाही. लहानपणी त्यांचं नाटक पाहायला आलो होतो तेव्हा मी मम्मीला विचारलं होतं, मामा कधी येणार? मामा समोरच उभे होते.

मोठ्या शहरात सुरुवात कशी करायची, आधी कोणाकडे जायचं, काय बोलायचं, मला काहीच माहीत नाही. हे मामांना विचारलं असतं. त्यांच्यानंतर तुम्हालाच माहीत असणार, कारण त्यांचं पाठांतर तुम्हीच घ्यायचा. पहिले काही दिवस तुमच्या पुढच्या खोलीत राहिलो तर चालेल का? मम्मीला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
कुंदन


लिंबायत, सुरत
१६ जानेवारी २०२५

चि. कुंदनला आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही. बारावीनंतर अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

राहण्याचं आधी. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम घेते. पुढच्या खोलीत गठ्ठे असतात, जागा होणार नाही. वाईट वाटून घेऊ नको.

नाटकासाठी शहरात येऊ नको, नोकरीसाठी ये. नोकरी एकाच पाळीची बघ. पाळी दर आठवड्याला बदलणारी असेल तर तुला तालमीत कोणी उभं करणार नाही. हे शेवटपर्यंत दिवसपाळीत राहिले, त्यासाठी बढती सोडली. मिलमधले लोक हसायचे. हेही त्यांच्याबरोबर हसायचे.

फोटो काढून देतो, कार्ड बनवून देतो, मग काम मिळेल, असं म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर समोर आलेला चहा पी आणि उठून ये. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

गुजराती पुस्तकातून शिकू नको. लिंबायतहून स्टेशनला शेअर रिक्षा जातात, त्यात बस आणि ऐक. बायका भाजीवाल्याशी कशा बोलतात, दुकानदार उधारीवाल्याशी कसा बोलतो, ते ऐक. आपल्या बोलीची लाज धरू नको. हे म्हणायचे, अहिराणी खिशात ठेवायची, लागेल तेव्हा काढता आली पाहिजे आणि नको तेव्हा पडता कामा नये.

तालमीला सगळ्यांच्या आधी जा. खुर्च्या लाव. पण चहा आणायला जाऊ नको. एकदा चहा आणला की तो मुलगा चहाचाच होतो. मी तसे पाहिले आहेत. चांगली मुलं होती.

आणि तुझ्या आईला, उषाताईंना, खरं सांग. घरी खोटं सांगून आलेल्याचं तालमीत लक्ष लागत नाही. फोन वाजला की दचकतो.

सुषमामामी


कडोदरा
९ मार्च २०२५

ती. मामींना नमस्कार.

पत्ता पाहून तुम्हाला कळलं असेल. मी आलो आहे. मम्मीला खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीत भाकरीसाठी कळण्याचं पीठ भरून दिलं आणि म्हणाली, "जाय. तुना मामानी बी कोनं ऐकं व्हतं?"

कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात नोकरी मिळाली, फक्त दिवसपाळी. शेठने कारण विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी क्लास असतो. राहायला कारखान्याच्या मागे खोली आहे. त्यात ओडिशाचे आहेत, परभणीचे आहेत आणि मी. लूम सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, हे लोक एकमेकांशी बोलतच नाहीत. मग लक्षात आलं की सारखे बोलत असतात. ओठ बघून, भुवया बघून. एकजण चार लूम पलीकडून दुसऱ्याच्या बायकोवरून त्याची चेष्टा करतो आणि तो तिकडून उत्तर देतो. मी बघतच राहिलो. हे कोणत्या शाळेत शिकवत असतील?

रिंग रोडचा कापड बाजार पाहिला. एवढं कापड जगात आहे हे माहीत नव्हतं. एका स्टुडिओत कुर्त्याच्या कॅटलॉगसाठी उभं राहायला मिळालं. नखं कापून, पाय घासून गेलो होतो ते बरं झालं, त्यांनी आधी पायच बघितले. दिवसभर कुर्ते बदलले. मग कॅटलॉग हातात आला, त्यात माझा फोटो फक्त गळ्यापासून खाली. मम्मीला पाठवला. ती म्हणे, "हाऊ तूच शे का? मुंडकं कथा गयं?" खोलीतले सगळे मला आता बिनडोक्याचा हिरो म्हणतात.

पैसे मागणाराही एक भेटला. मी चहा पिऊन उठलो. चहा चांगला होता.

नाटकवाल्यांकडे अजून गेलो नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा आलो. दारात मामांची सायकल दिसली आणि परत फिरलो.

कुंदन


लिंबायत
२ एप्रिल २०२५

चि. कुंदनला आशीर्वाद.

गल्लीपर्यंत येऊन परत जाणं बरोबर नाही. पण मी समजू शकते.

तू विचारलंस, शाळेत शिकवतात का. मला माहीत नाही. यांना कोणी शिकवलं नाही. एका नाटकात यांना वॉचमनचं काम मिळालं होतं. तेव्हा हे रोज मिलमधून सुटल्यावर एका एटीएमच्या वॉचमनजवळ जाऊन बसायचे. तो प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून झोपायचा. घरी येऊन हे तसे बसायचे. मी म्हणायची, जेवायला चला. डोळे माझ्याकडे, आणि माणूस झोपलेला. मला भीती वाटायची.

एका सकाळी मी लेस लावत बसले होते. मोरीतून कोणीतरी बाहेर आलं. मी मान वर केली तर घरात परका पुरुष. माझा हात आपोआप पदराकडे गेला, मी डोकं झाकलं. मग ते हसले. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला मी ओळखलं नाही. चेहऱ्याला रंग नव्हता, कपडे घरचेच होते. त्या दिवशी लेस उलटी लावली गेली. एका माणसाच्या आत दुसरा माणूस कुठून येतो आणि नंतर जातो कुठे, हे मला तेव्हाही कळलं नाही. आता तर दोघेही गेले.

म्हणून आरशासमोर उभा राहून सराव करू नको. आरशात तूच दिसतोस. माणसांजवळ जाऊन बस.

दुसरं काम आहे. ३० तारखेला आखाजी, अक्षय्य तृतीया. हे गेल्यानंतरची पहिली आहे. घागर भरायची आहे आणि पितर जेवायला बसवायचा आहे. इथे आपले लोक बरेच आहेत, पण शेजारचे उखादादा म्हणतात की भाचा असताना दुसऱ्याला कशाला बोलवायचं. तेच सगळं सांगतील, तुला काही यावं लागत नाही. पाटावर बसायचं आणि जेवायचं. तू जेवलास म्हणजे ते जेवले. आमची ज्योतीही सासरहून येणार आहे.

येशील ना, ते कळव.

सुषमामामी


कडोदरा
३ मे २०२५

ती. मामी,

आखाजीला जे झालं त्याबद्दल लिहितो आहे. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात त्या बाहेर आलाच नाहीत. ज्योतीताई रडत होती. उखादादांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "पोऱ्या, पितर जेवाले बसाडेल व्हता, तमाशा कराले नही." मी न सांगता निघून आलो.

सगळं खरं लिहितो. उखादादांनी पाय धुतले, गंध लावलं, निखाऱ्यावर घासाची आगारी टाकली, तोपर्यंत मी कुंदनच होतो. ते म्हणाले, पितर बोलत नाही, गपचूप जेव. मी जेवत होतो. वाटीतला आमरस संपला. मला अजून हवा होता आणि बोलायचं नव्हतं, म्हणून वाटीच्या काठावर नखाने टकटक केलं. मामी, ते मी ठरवून केलं नाही. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे असायचो तेव्हा मामा जेवताना मनात संवाद म्हणायचे, बोलायचे नाहीत, वाटी वाजवायचे. ते माझ्या बोटात कुठेतरी राहिलं असेल.

तुम्ही रस वाढलात आणि हळूच म्हणालात, "सावकाश." ते तुम्ही मला म्हणाला नव्हतात. मी तुमचा चेहरा पाहिला.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मी डावा गुडघा उभा केला, मामा करायचे तसा. पाठ वाकवली. पोळी दोन्ही हातांनी मोडली. वाटी दुसऱ्यांदा वाजवली, तेव्हा त्यात रस होता. पहिल्यांदा चुकून झालं, दुसऱ्यांदा मुद्दाम केलं. मला दिसत होतं की समोरचे सगळे मामांकडे बघत आहेत, माझ्याकडे नाही, आणि मला ते सोडवेना. पाटावर बसून मी अभिनय केला. घास त्यांच्या नावाचा होता.

अजून एक आहे. नाटकवाल्यांकडे गेलो नाही असं मी मार्चमध्ये लिहिलं, ते खोटं होतं. मामांची नाटकं बसवणाऱ्या मगनभाईंकडे मी जाऊन आलो होतो. कापडाच्या दुकानात थान मोजत होते. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "तू ललितभाईनो भाणो ने? ऊभो रहे जोऊं." मामांचं ते वॉचमनचं नाटक त्यांना परत करायचं आहे. ती भूमिका मला दिली आहे. तालमी चालू आहेत. त्यांच्याकडे जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे, ते मी इतक्यांदा पाहिलं की मामांचा खांदा कुठल्या शब्दावर हलतो तेही मला पाठ आहे. मगनभाई म्हणतात, बस, एवढंच कर, असंच कर. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. खुर्ची रिकामी झाली आणि भाचा येऊन बसला, असं तुम्हाला वाटेल म्हणून.

तुम्ही नको म्हणालात तर मी भूमिका सोडतो. मगनभाईंना काय सांगायचं ते मी बघेन. तुमचं उत्तर येईपर्यंत तालमीला जाणार नाही.

कुंदन


लिंबायत
११ मे २०२५

चि. कुंदन,

तुझ्या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहायला घेतलं. उत्तर यायला उशीर झाला, त्यात तुझ्या तालमी बुडाल्या. मगनभाईंना ताप आल्याचं सांग. म्हणजे तुला ताप आल्याचं.

मी रागावून आत गेले नाही. उखादादांना तसं वाटलं, ज्योतीलाही वाटलं, आणि मी कोणाला काही सांगितलं नाही. आत जाऊन मी ओट्याला धरून उभी राहिले.

तू वाटी वाजवलीस तेव्हा माझा हात पातेल्याकडे गेला होता. विचार करून नाही. मी वाढलं, आणि सावकाश म्हणाले, रोज म्हणायची तसं. ते गेल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. बायका फोटोशी बोलतात, मला ते जमत नाही. फोटो मला फोटोच दिसतो. त्या दिवशी बोलले आणि मला कळलंही नाही की बोलले. नंतर तू गुडघा उभा केलास, तेव्हा मला कळलं की आता तू करतो आहेस. पण कळूनही काही फरक पडला नाही. मला माहीत होतं की हा कुंदन आहे, उषाताईंचा मुलगा, आणि तरी समोर ते जेवत होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. असं कसं होऊ शकतं याचा मी दहा-अकरा दिवस विचार करते आहे. हात जोडावेसे वाटले, पण कोणाला जोडायचे ते कळेना. म्हणून आत गेले.

उखादादांना मी काल सांगितलं, पितर जेवून गेला, माझी तक्रार नाही. ते म्हणाले, "तू म्हणस ते खरं."

आता भूमिकेचं. ती सोडायची नाही. पण जशी करतोस तशीही करायची नाही.

माझ्या घरात पाटावर बसून तू ते केलंस, ते माझ्यासाठी होतं, एकदाच होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला तुझे मामा कोण ते माहीत नाही. तो वॉचमन बघायला येतो. तू त्याला ललित दाखवशील, म्हणजे नकलेची नक्कल. यांनी तो वॉचमन एटीएमवरून आणला होता, रेकॉर्डिंगमधून नाही. तू तुझा शोध. रेकॉर्डिंग परत देऊन टाक. मगनभाई ओरडतील. ओरडू दे. ते यांच्यावरही ओरडायचे, आणि प्रयोगानंतर गुपचूप सुरती घारीची मिठाई आणून द्यायचे.

पुढच्या खोलीत गठ्ठे नसतात, ते तू पाहिलंस. त्याबद्दल लिहिलं नाहीस, बरं केलंस. ती खोली अजून देता येणार नाही. रविवारी जेवायला येत जा. बोलत जेव.

सुषमामामी


कडोदरा
२० जून २०२५

ती. मामी,

तीन रविवार जेवून गेलो, तरी हे तोंडी सांगता आलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही शोध म्हणालात. तो मला आमच्याच कारखान्याच्या फाटकावर सापडला. पांडुरंगकाका नावाचे वॉचमन आहेत, परभणीकडचे. मी मार्चपासून रोज त्यांच्या समोरून जात होतो आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. सगळे त्यांना "ओ गेट" म्हणतात. आता मी जेवणाची सुट्टी त्यांच्याजवळ काढतो. ते उभे राहून जेवतात. डबा खिडकीच्या कट्ट्यावर, एक हात कडीवर, डोळे रस्त्यावर. मी म्हटलं, काका, बसा की. ते म्हणाले, "बसल्यावर गेट दिसत नाही बाबा. अन् बसलेला वॉचमन कुणाला पटत नाही." किती वर्षं असे जेवता म्हटलं, तर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आता गावाकडं गेलो तरी बसून घास उतरत नाही."

मी रात्रभर त्यांचाच विचार करत होतो. रोज बघूनही मला ते दिसले नव्हते.

मामांच्या प्रवेशात वॉचमन खाली बसून जेवतो आणि मोठा हशा येतो. मी उभा राहून जेवतो आहे. मगनभाई म्हणतात, "भाणा, हशा गेला, मारी नाख्यो मने." रोज भांडतात. पण काढून टाकलेलं नाही.

२९ तारखेला, रविवारी प्रयोग आहे. तिकीट सोबत ठेवलं आहे. आला नाहीत तरी मी समजू शकतो. तुम्ही समोर आहात की नाही हे मी बघणार नाही.

कुंदन


लिंबायत
३० जून २०२५

चि. कुंदनला अनेक आशीर्वाद.

मी आले होते. प्रयोग संपल्यावर भेटायला आत आले नाही, गर्दीत मला सुचत नाही. म्हणून आज कामाला बसण्याआधी लिहिते आहे.

पडदा उघडला तेव्हा मी यांना शोधत होते. तू आलास, चाललास, मी खांदा बघितला, मान बघितली. कुठे तरी सापडतील असं वाटत होतं. पहिला पूर्ण अंक मी शोधत होते आणि तू काय बोललास ते मला नीट आठवत नाही, माफ कर.

मग डब्याचा प्रवेश आला. तू डबा उघडून कट्ट्यावर ठेवलास आणि उभ्यानेच खायला लागलास. थोडे लोक हसले. तू रस्त्याकडे बघत राहिलास. घास हातात, आणि गाडीचा आवाज आला की घास खाली, हात कडीवर. पुन्हा घास, पुन्हा गाडी. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मला एकदम वाटलं, कोणीतरी याला सांगा की मी बघते गेटकडे, तू बसून जेव. मी खुर्चीत पुढे सरकले होते. त्या वेळी मी कोणालाच शोधत नव्हते. हे माझ्या नंतर लक्षात आलं, घरी रिक्षातून येताना. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना थोडा वेळ विसरले. रिक्षात रडू आलं. पण ते वेगळं होतं.

मगनभाई बाहेर दरवाज्यात उभे होते. मला बघून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, हशा गेला त्याचं दुःख आहे. मी त्यांना ओळखते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दुसऱ्या अंकात तुझा आवाज बसत होता, प्रयोगाच्या दिवशी थंड सोडा पिऊ नको. टाळ्या चालू असताना तू लगेच आत पळालास, तसं करू नये, उभं राहावं. आणि पांडुरंगकाकांना पुढच्या प्रयोगाला बोलाव. त्यांच्या जागी गेटवर तू उभा राहू शकणार नाहीस, तेव्हा कोणाला तरी सांगून ठेव.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक सुरती बाई होत्या, अंगावर चांगली साडी, बरोबर सून. नाटक संपल्यावर त्या सुनेला सांगत होत्या की बाकी सगळे नट ठीक आहेत, पण तो वॉचमन पाहिलास का. मी कधी अनोळखी माणसाशी बोलत नाही, तुला माहीत आहे. पण बोलले. म्हटलं, तो माझा भाचा आहे, नट आहे.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवून समजावल्यासारखं म्हणाल्या, "ना रे बेन, ए तो साचो वॉचमॅन छे. आ लोको क्यांकथी पकडी लाव्या छे."

खराच वॉचमन पकडून आणलाय म्हणे. मी वाद घातला नाही.

सुषमामामी